नकाशे हरवलेल्या यंत्राची दुरुस्ती



या मालिकेत आजवर आपण रसद, रेल्वे आणि दुरुस्ती या तीन विषयांच्या फार बाहेर गेलो नाही. आजही जायचं नाही. फक्त आजची रेल्वे लोखंडाची नाही. ती १९९४ साली संगणकावरच्या एका खेळात धावू लागली. तिचा प्रकाशक पुढे विकला गेला, ज्या संगणकांसाठी ती बांधली होती ते संगणक भंगारात गेले, आणि तरी ती आज धावते आहे. पहिल्यापेक्षा बरी धावते आहे. मूळ खेळाचं नाव ट्रान्सपोर्ट टायकून. वर्षभराने त्याची सुधारलेली आवृत्ती आली, ती ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स. आणि आज जो खेळला जातो त्याचं नाव ओपनटीटीडी.

इंदूरच्या एका श्रोत्यांनी मागे विचारलं होतं, की ज्या यंत्राचा कारखाना उरला नाही, नकाशे मिळत नाहीत, ते वर्षानुवर्षं चालवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? उत्तराची टिपणं काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की लष्करातली उदाहरणं मला पूर्ण सांगता येणार नाहीत. या खेळाची गोष्ट मात्र पहिल्यापासून उघड्यावर घडलेली आहे. कोणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं, सगळं नोंदलेलं. वर्कशॉपच्या रजिस्टरवर सही करणाऱ्या माणसाला याहून काय हवं!

मी ईएमईचा माणूस. लष्करात जे काही चालतं, फिरतं किंवा डागलं जातं, ते नादुरुस्त झालं की ज्यांच्या दारात येतं ते आम्ही. वडोदऱ्याला शिकलो, सिकंदराबादला शिकलो, आणि उमेदीची वर्षं वर्कशॉपांत घालवली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा आपल्या सैन्याकडची पुष्कळ सामग्री तिथून आलेली होती. एका देशाचे पंधरा देश झाले. आपण ज्या कारखान्याला मागणीपत्र धाडत होतो तो आता कुठल्या देशात गेला, इथपासून चौकशी सुरू. अशा वेळी सुटा भाग मिळवायच्या तीन वाटा असतात. पहिली, ज्याने बनवला त्याने नकाशा द्यावा. दुसरी, त्या भागाचं काम काय ते बाहेरून बघून आपल्या पद्धतीने नवा भाग घडवावा. आतली रचना वेगळी असेना, जागेवर बसला आणि काम केलं म्हणजे झालं. तिसरी, जुना भाग हातात घ्यावा, उघडावा, मोजावा आणि तसाच दुसरा बनवावा. तिसऱ्या वाटेची मेख नवशिक्याला उशिरा कळते. हातातला नमुना झिजलेला असतो. तुम्ही मोजता ते मूळ माप नसतं, मूळ माप वजा झीज असते. बेसावध कारागीर झिजेसकट नक्कल करतो.

संगणकावरच्या डावपेचांच्या खेळांतही या तिन्ही वाटा चालून झाल्या आहेत. वॉरझोन २१०० हा १९९९ चा युद्धखेळ. तो बनवणारी मंडळी पांगली, पण डिसेंबर २००४ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली मूळ संहिता, सर्वांसाठी खुली करण्यात आली. ही पहिली वाट. दुसऱ्या वाटेचं उदाहरण त्याहून जुनं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी सिव्हिलायझेशन या खेळावरून स्फूर्ती घेऊन फ्रीसिव्ह लिहायला घेतला आणि जानेवारी १९९६ मध्ये तो लोकांसमोर ठेवला. त्यांनी मूळ खेळाच्या पोटात हात घातला नाही. नियम पाहिले आणि आपलं यंत्र घडवलं. आजचा आपला खेळ तिसऱ्या वाटेने आला, आणि म्हणून मला तो सगळ्यांत रंजक वाटतो.

आधी मूळ वस्तू बघू.

ख्रिस सॉयर हे स्कॉटलंडचे प्रोग्रामर. दुसऱ्यांचे खेळ एका जातीच्या संगणकावरून दुसऱ्यावर नेऊन बसवण्याचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं होतं. ट्रान्सपोर्ट टायकून त्यांनी जवळजवळ एकट्याने लिहिला. चित्रं सायमन फॉस्टर यांची, संगीत जॉन ब्रूमहॉल यांचं, आणि प्रकाशक मायक्रोप्रोज. खेळाडूला एक नकाशा मिळतो, २५६ चौकटी लांब आणि तितक्याच रुंद. एका टोकाला कोळशाची खाण, दुसऱ्या टोकाला वीजकेंद्र, मध्ये डोंगर आणि नदी. कर्ज काढा, रूळ टाका, इंजिन घ्या, कोळसा पोचवा. पैसे किती मिळणार ते तीन गोष्टींवर ठरतं: माल किती, अंतर किती, वेळ किती लागला. अंतर मोजतात ते दोन स्थानकांमधलं. रूळ किती वळसे घेऊन गेले याचं भाडं कोणी देत नाही. हा हिशेब ज्याला पटला त्याला निम्मं रसदशास्त्र आलं. या खेळात एकही गोळी सुटत नाही, आणि तरीही डावपेचांच्या खेळांत मी त्याला पुष्कळ रणगाडेवाल्या खेळांच्या वर बसवीन. रणगाड्यांच्या खेळात रणगाड्यांचं डिझेल कुठून येतं ते कोणी विचारत नाही.

हे सगळं सॉयर यांनी असेंब्ली भाषेत लिहिलं होतं. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या बोलीला अगदी खेटून असलेली भाषा. 'गाडीचा वेग वाढव' असं तिथे लिहिता येत नाही. अमुक पत्त्यावरचा आकडा उचल, त्यात दोन मिळव, मर्यादेपेक्षा मोठा झाला तर तमुक ओळीवर उडी मार, असं लिहावं लागतं. त्या काळच्या संगणकावर शेकडो वाहनं, वाढणारी गावं आणि प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच वेळी चालवायच्या तर ही काटकसर उपयोगाची होती. पण जी वस्तू एका जातीच्या प्रोसेसरसाठी इतकी घट्ट शिवली जाते ती दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.

खेळाडूंना सगळ्यांत आधी टोचल्या त्या मर्यादा. स्थानकं लहान, गाड्या आखूड. सिग्नलची गोष्ट तर मला रेल्वेच्या माणसांना मुद्दाम सांगायची आहे. पहिल्या आवृत्तीतले सिग्नल दोन्ही दिशांना लागू होते. डिलक्समध्ये एका दिशेचे आले. नियम मात्र एकच: दोन सिग्नलांच्या मधल्या टापूत एका वेळी एकच गाडी. आपल्याकडे एकेरी मार्गावर नीलचं बॉल टोकन यंत्र असायचं. तो लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. तत्त्व तेच. उघड्या मार्गावर ते छान चालतं. पण स्थानकाच्या तोंडाशी, जिथे चार फलाटांचे रूळ एकत्र येतात, तिथे पूर्ण जाळं हा एकच टापू ठरतो. एक गाडी पहिल्या फलाटातून निघाली की चौथ्या फलाटावर येणारी बाहेर खोळंबते, दोघींचे रूळ एकमेकांना शिवतही नसताना.

या अडचणींवर पहिला इलाज केला जोसेफ ड्रेक्स्लर यांनी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी टीटीडीपॅच सुरू केला. मूळ खेळ संगणकाच्या स्मृतीत चढला की हा प्रोग्राम त्यातल्या नेमक्या जागा शोधून तिथल्या सूचना बदलायचा. नकाशे नसताना, इंजिन चालू असताना, बॉनेट उघडून पाना घालण्यासारखं हे काम. लांब गाड्या आल्या, मोठी स्थानकं आली, जंक्शनसाठी पूर्वसूचना देणारे सिग्नल आले, आणि खेळाडूंनी स्वतः काढलेली इंजिनं खेळात घालायची सोय आली. पण दुरुस्ती कितीही चांगली असली तरी खाली चेसिस जुनीच. ती ज्या संगणकावर चालत नाही तिथे पॅचही चालत नाही.

मार्च २००४ मध्ये स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउस यांनी वेगळीच वस्तू लोकांपुढे ठेवली. हे गृहस्थ आधी स्कमव्हीएम या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी. तोही जुने खेळ नव्या संगणकांवर चालवण्याचाच खटाटोप. पुढच्या वर्षी त्यांनी म्यूटोरेंट लिहिला आणि नंतर स्पॉटिफायच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सचा यंत्रकोड त्यांनी ओळीमागून ओळ उलगडला आणि सी भाषेत पुन्हा लिहून काढला.

उलगडला म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणसाने लिहिलेल्या संहितेत नावं असतात, शेरे असतात. तिचं यंत्रकोडात रूपांतर झालं की नावं आणि शेरे दोन्ही गळून पडतात. उरतात आकडे आणि उड्या. शिवाय सी भाषेतून तयार झालेल्या यंत्रकोडाला ठरावीक वळण असतं, पण हाताने लिहिलेल्या असेंब्लीला ज्याचं त्याचं वळण. समोर एक पत्ता दिसतो. तिथला आकडा कधी वाढतो, कधी कमी होतो? चढावर कमी होतो. मग हा बहुतेक वेग. अशा हजारो 'बहुतेकां'मधून एक खेळ उभा राहतो. चालत्या खेळाच्या शेजारी आपला खेळ चालवून बघायचं, तीच गाडी त्याच जागी पोचते का ते तपासायचं, नाही पोचली तर कुठला 'बहुतेक' चुकला ते शोधायचं.

या उत्खननाच्या खुणा आजही संहितेत दिसतात. मूळ खेळात प्रत्येक चौकटीची माहिती मोजक्या बाइट्समध्ये कोंबलेली होती, आणि त्यांचा अर्थ चौकटीत काय आहे त्यावर बदलायचा. चौकटीत रूळ असतील तर त्यातले सहा बिट्स सांगतात, की चौकटीतून जाऊ शकणाऱ्या सहा मार्गांपैकी कोणते टाकले आहेत. घर असेल तर तीच जागा वेगळं काही सांगते. ओपनटीटीडीत या खणांना आजही एम-१, एम-२, एम-३ अशीच नावं आहेत. कोणता खण कुठे काय अर्थ सांगतो याचा तक्ता स्वयंसेवकांनी बनवून ठेवला आहे. मी तो उघडून बराच वेळ बघत बसलो होतो. आमच्याकडे रशियन तक्त्यांवर पेन्सिलीने लिहिलेले हिंदी, तमीळ, पंजाबी शेरे असायचे. पिढ्यानुपिढ्या एकमेकांसाठी सोडलेले. त्याच घराण्यातला हा कागद.

आता झिजलेल्या नमुन्याकडे येऊ.

मूळ खेळात विमानं पडद्यावर दाखवलेल्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याने उडत. आगगाडीच्या मानाने मोजलं तर हिशेब सरळ चुकीचा. ही झीज की मूळ माप? चूक समजून सुधारावी तर विमान इतकं फायद्याचं होतं, की रेल्वे टाकायची कोणाला गरजच उरत नाही. चूक असो वा नसो, खेळाचा तोल तिच्यावर उभा आहे. नव्या मंडळींनी काय केलं? एक बटण ठेवलं. विमानाचा वेग एक चतुर्थांश, एक तृतीयांश, निम्मा की पूर्ण, ते खेळाडूने ठरवावं. आणि कोणी काहीच ठरवलं नाही तर जुनाच, एक चतुर्थांश. गाड्या वेग कसा घेतात त्याचंही तसंच: मूळ पद्धत आणि वास्तवाला धरून केलेली नवी पद्धत, दोन्ही उपलब्ध.

काळाचा हिशेब तर त्याहून मजेशीर. खेळातला एक दिवस सुमारे सव्वादोन सेकंदांचा, म्हणून शेजारच्या गावी जायला गाडीला आठवडेच्या आठवडे लागतात. आपला पुणेकर मुंबईला दिवाळीला निघाला तर संक्रांतीला पोचेल. वीस वर्षं हे कोणी हलवलं नाही, कारण भाडं, कर्ज, इंजिनांचं वय, सगळं त्याच चाकाला बांधलेलं होतं. अखेर २०२४ मधल्या चौदाव्या आवृत्तीत तारखेचं चाक आणि हिशेबाचं चाक वेगळं करण्याची सोय आली. तीही पर्याय म्हणूनच. माझ्या मते या प्रकल्पातली खरी शिस्त इथे दिसते. आपल्याला न कळलेली वस्तू काढून टाकायची नाही. ती बाजूला ठेवायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची, आणि जागच्या जागी परत बसवता येईल अशी ठेवायची.

सिग्नलचा प्रश्न २००९ मध्ये सुटला. नव्या मार्ग-सिग्नलांमध्ये गाडी पूर्ण टापू न अडवता स्वतःला लागणारे तेवढेच रूळ राखून ठेवते. स्थानकाच्या तोंडाशी आता दोन गाड्या शेजारून जाऊ शकतात, वाटा एकमेकींना छेदत नसतील तर. खऱ्या रेल्वेतही इंटरलॉकिंगच्या केबिनमध्ये मार्ग असाच राखून ठेवतात. जुने सिग्नलही खेळात आहेतच, हे वेगळं सांगायला नको. सी भाषेतली संहिताही टप्प्याटप्प्याने सी प्लस प्लसमध्ये गेली, गाड्या न थांबवता.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मात्र उसनी होती. ओपनटीटीडी खुला होता, फुकट होता, त्याला जीपीएल परवाना होता, म्हणजे संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, पण बदललेली वाटायची तर तीही तशीच खुली ठेवावी. तरी तो सुरू करायला मूळ खेळाच्या चित्रांच्या आणि आवाजांच्या फायली लागत. म्हणजे ज्याच्याकडे जुनी सीडी त्यालाच हा खेळ. इंजिन आपलं, पण डबे दुसऱ्याचे.

मग डबे बनवायला घेतले. प्रत्येक झाड, प्रत्येक उताराची जमीन, प्रत्येक घर, प्रत्येक इंजिन आठ दिशांना तोंड केलेलं; अशी हजारो चित्रं. तीही मूळ चित्रावरून गिरवायची नाहीत, नव्याने काढायची, आणि तरी मापाला तंतोतंत बसवायची. एक ठिपका इकडेतिकडे झाला तर दोन चौकटींमधला रूळ तुटलेला दिसतो. आवाज ७३. काहींनी चित्रं काढली, काहींनी आवाज जमवले, काहींनी चाली बांधल्या. १ एप्रिल २०१० रोजी १.०.० ही आवृत्ती निघाली आणि मूळ खेळातलं काहीही हाताशी नसताना ओपनटीटीडी चालू लागला. पहिल्या आवृत्तीपासून इथपर्यंत सहा वर्षं लागली. माझ्या अनुभवात संहितेची माणसं मिळतात, रंगकामाची मिळत नाहीत. म्हणून या सहा वर्षांचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आता अवघड प्रश्न. ही चोरी आहे का?

मंडळी, हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरं नाही. खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात. दोन सिग्नलांत एक गाडी, ही कल्पना कोणी नोंदवून ठेवू शकत नाही. त्या कल्पनेची लिहिलेली संहिता, काढलेलं चित्र, बांधलेली चाल, ही मात्र लिहिणाऱ्याची. फ्रीसिव्हवाले या रेषेच्या सरळ अलीकडे उभे आहेत. ओपनटीटीडीचा जन्म मात्र दुसऱ्याची संहिता उलगडून झाला, आणि तिथे रेष पुसट होते. मालकांकडून येणारी खुली संहिता नेहमीच उत्तम. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये कमांड अँड कॉन्कर आणि रेड अलर्टच्या संहितेचा मोठा भाग जीपीएलखाली खुला केला, तसं सगळीकडे झालं तर हा प्रश्नच उरणार नाही. पण मायक्रोप्रोज १९९८ मध्ये हॅस्ब्रोने घेतली, तिथून तो कारभार इन्फोग्राम्सकडे गेला. मालक बदलले की जुन्या मालाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नसतो. सॉयर स्वतः पुढे रोलरकोस्टर टायकूनकडे वळले, आणि ज्या २००४ सालाबद्दल आपण बोलतो आहोत त्याच साली त्यांचा लोकोमोशन हा नवा वाहतूक-खेळ आला. म्हणजे मूळ कारागीर कामावर होता. त्याच्या जुन्या कामाला दुसऱ्यांनी हात घातला, ही गोष्ट मला आजही थोडी बोचते.

तरीही मी या मंडळींच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण खेळातलं नाही. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात एका वर्कशॉपमध्ये परदेशी बनावटीचं एक तपासणी-यंत्र होतं. विजेचे सुटे संच तपासायचं, महागडं, उत्तम. त्याचा प्रोग्राम एका चिपमध्ये बंद होता. चिप गेली. कंपनीला लिहिलं तर कळलं, की तो विभाग बंद झाला, संहिता देता येत नाही, आणि तुम्ही स्वतः उघडून बघणं कराराबाहेरचं. बाकी यंत्र ठणठणीत. ते ताडपत्रीखाली गेलं आणि तिथेच राहिलं. त्याच्यावाचून जे संच तपासता येत नव्हते ते दूरच्या वर्कशॉपला पाठवायचे, आणि सीमेवरचा माणूस तोवर त्यांच्याविना काम भागवायचा. एखादी वस्तू उघडून बघायला बंदी करणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं आहे. खेळ बंद पडला तर कोणाचा जीव जात नाही. पण उघडून बघायची, समजून घ्यायची, पुन्हा चालू करायची सवय जिथे लागते ती जागा मला लहान वाटत नाही.

लष्करी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत आवडलेली. मूळ खेळ फार तर दोघांनी मिळून खेळता यायचा. आता एका नकाशावर पंधरा कंपन्या असू शकतात आणि खेळाडू अडीचशेच्या वर. नकाशाची बाजू ४,०९६ चौकटींपर्यंत नेता येते. म्हणजे मूळ नकाशाच्या २५६ पट क्षेत्र. एवढ्या मोठ्या प्रदेशात क्षणाक्षणाला काय घडतंय ते प्रत्येकाला इंटरनेटवरून कसं कळवायचं? उत्तर असं, की कळवायचंच नाही. नवा खेळाडू आला की सर्व्हर त्याला त्या क्षणाची पूर्ण परिस्थिती एकदाच पाठवतो. त्यानंतर फक्त हुकूम जातात: अमुक क्षणाला अमुक कंपनीने तमुक ठिकाणी रूळ टाकला. बाकी सगळं प्रत्येक संगणक आपल्या जागी स्वतः घडवतो, आणि नियम तेच, सुरुवात तीच, हुकमांचा क्रम तोच असल्याने सगळीकडे तेच घडतं.

आम्ही कारवाईचा आदेश असाच द्यायचो. सर्वांची घड्याळं जुळवायची, एच-अवर ठरवायचा, आणि मग रेडिओवर कमीत कमी बोलायचं. प्रत्येक तुकडी शेजारच्या तुकडीच्या हालचालीचा अंदाज आदेशावरूनच बांधते. धोकाही तोच. एका घड्याळात सेकंदाचा फरक पडला की पुढे सगळं बिनसतं. म्हणून खेळात दशांश अपूर्णांकांचं गणित टाळतात. दोन जातींचे प्रोसेसर शेवटच्या घरात वेगळं उत्तर देऊ शकतात, आणि तेवढ्यावरून एका संगणकावर गाडी फलाटावर आणि दुसऱ्यावर सिग्नलला उभी राहील. प्रत्येक संगणकातल्या यादृच्छिक आकड्यांच्या यंत्राची स्थिती सर्व्हरच्या स्थितीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली जाते. जुळली नाही की तो खेळाडू बाहेर. त्याने पुन्हा यायचं, पूर्ण परिस्थिती नव्याने घ्यायची.

दुसरी शिस्त जुन्या डावांची. कोणी १९९५ साली डिलक्समध्ये साठवलेला डाव आज ओपनटीटीडीत उघडता येतो. वीस वर्षांत खेळाच्या पोटात असंख्य बदल झाले. प्रत्येक बदलाबरोबर जुना डाव नव्या रचनेत कसा आणायचा ते लिहून ठेवावं लागलं. ती सगळी कलमं एका लांबलचक फाईलमध्ये एकाखाली एक आहेत: डाव अमुक आवृत्तीपेक्षा जुना असेल तर हे कर, तमुकपेक्षा जुना असेल तर ते कर. आमच्या नियमपुस्तकांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, चिठ्ठीवर चिठ्ठी. जाडी वाढून पुस्तक मिटायचं नाही. पण कुठलाही जुना आदेश कधी, कशाने बदलला ते त्यात सापडायचं.

२०२१ च्या १ एप्रिलला हा खेळ स्टीम या दुकानातही आला, किंमत शून्य.

राहिली आपली गोष्ट. या खेळाची भाषांतरं स्वयंसेवक करतात. अपुऱ्या भाषांतरांसाठी संहितेत वेगळा कप्पा आहे आणि त्या कप्प्यात मला मराठीची फाईल दिसली. कोणीतरी सुरुवात केली होती. काम दिसतं तितकं सोपं नाही. इंग्रजी वाक्यात गावाच्या नावासाठी रिकामी जागा सोडतात आणि चालत्या खेळात नाव तिथे येऊन पडतं. मराठीत नाव असं नुसतं येऊन पडत नाही. पुण्याला, ठाण्याला, साताऱ्याहून. पण नाशिकला, नागपूरहून. नाव आतून बदलतं. विभक्तीवाल्या युरोपीय भाषांसाठी भाषांतराच्या रचनेत सोय केलेली आहे, पण शब्द आधी ठाऊक असेल तरच ती उपयोगी पडते. खेळाडूने स्वतः ठेवलेल्या गावाच्या नावाचं सामान्यरूप यंत्राला कोण सांगणार? रेल्वेच्या घोषणा करणाऱ्यांनी यावर तोडगा केव्हाच काढलाय: नावामागे एक शब्द उभा करायचा आणि प्रत्यय त्याला लावायचा. 'पुणे स्थानकावर', 'ठाणे स्थानकाहून'. नाव तसंच राहतं.

शब्दांचं म्हणाल तर सिग्नल सिग्नलच राहू द्यावा, फलाटही फलाटच. घोटाळा आहे डेपोचा. इंग्रजीत गाडी दुरुस्तीला जाते ती डेपोत. आपल्याकडे डेपो म्हटलं की एसटी डोळ्यांपुढे येते. इंजिन जातं ते शेडमध्ये. भुसावळ, दौंड, इटारसी, खरगपूर, जिथे कुठे आपली रेल्वेची मंडळी हे ऐकत असतील, त्यांनी कळवावं. माझं मत शेडला.